लिफ्टभाऊंची साक्ष आणि पडदेबाईंचा अंगठा

गुरुवारच्या प्रार्थनासभेत लिफ्टभाऊ साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उठले की मंडळी खुर्चीत जरा सैल होऊन बसत. पुढे काय येणार ते सगळ्यांना पाठ होतं. पेटी वाजवणारे मास्तर तर लिफ्टभाऊ कुठे अडखळले की खालच्या आवाजात पुढचं वाक्य पुरवत, आणि लिफ्टभाऊ त्यांचे आभार न मानता ते वाक्य उचलत.

"देवानं मला आयुष्यात तीनदा वळवलं," ते सुरुवात करत, "आणि तिन्ही वेळा लिफ्ट बंद पाडून."

तिसऱ्या रांगेत त्यांची बायको बसलेली असे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याला गावात लिफ्टभाऊ म्हणत, तसं तिला पडदेबाई म्हणत, कारण निम्म्या गावाच्या खिडक्यांना तिच्या हातचे पडदे होते. साक्ष चालू झाली की ती समोरच्या खिडकीकडे बघत राही. सभागृहाचे पडदे दुसऱ्याच कुणीतरी शिवलेले होते आणि त्यांच्या चुण्या एका बाजूला गोळा झाल्या होत्या. नवऱ्याची साक्ष संपेपर्यंत ती ते पडदे मनातल्या मनात उसवून परत शिवून काढी.

पहिल्या वेळी, लिफ्टभाऊ सांगत, देवानं बाजारातल्या जुन्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबवली आणि आत त्यांच्यासोबत एक मुलगी होती. इथे मंडळी वळून पडदेबाईंकडे बघत आणि हसत. दुसऱ्या वेळी आत म्हातारे पाळकसाहेब होते. आई गेल्यापासून लिफ्टभाऊंनी देवाशी अबोला धरला होता आणि उपासनेला येणं सोडलं होतं. वीज गेली, लिफ्ट थांबली, आणि आता उपदेश ऐकावा लागणार म्हणून ते दात आवळून उभे राहिले. पाळकसाहेबांनी उपदेश केला नाही. पाय दुखतात म्हणाले, पिशवी धरायला दिली, लिफ्टभाऊंना शेजारी घेऊन खाली बसले, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून चक्क घोरू लागले. पुढच्या रविवारी लिफ्टभाऊ मागच्या बाकावर येऊन बसले. तिसऱ्या वेळी परदेशातल्या नोकरीच्या मुलाखतीला निघाले असताना कुणीतरी लिफ्टमध्ये अडकल्याचा निरोप आला, ते त्याला सोडवायला गेले आणि मुलाखत हुकली. त्याच वर्षी लेक आजारी पडली. बाप परदेशात असता तर तिला उचलून दवाखान्यात कोणी नेलं असतं?

"देव लिफ्ट थांबवतो," लिफ्टभाऊ शेवटी म्हणत, "माणूस चालू करतो."

"आमेन," मास्तर म्हणत आणि पेटीचा भाता उघडत.

पडदेबाईही आमेन म्हणे. मनापासूनच म्हणे, फक्त तिच्याकडे या साक्षीला थोडं अस्तर होतं, जे तिनं कधी कुणाला दाखवलं नव्हतं. तिसऱ्या वेळी त्या कंपनीनं मुलाखतीची दुसरी तारीख दिली होती. त्या दिवशी गावातली एकही लिफ्ट बंद नव्हती, तरी नवरा गेला नाही. विमानात बसायची त्याला धास्ती होती. आणि पहिल्या वेळी लिफ्ट देवानं थांबवलीच नव्हती. तिनं थांबवली होती.

तेव्हा ती त्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर पडद्यांच्या कारखान्यात शिकाऊ होती. लिफ्टवर नवा मेकॅनिक लागला होता. दुरुस्ती झाल्यावर काही दिवस तो स्वतः लिफ्टमध्ये उभा राहून आवाज ऐके. मुलगा उपासनेत दिसायचा तोच, पुरुषांच्या बाकांवर बसणारा, जाड आवाजात गाणारा. लिफ्टमध्ये मात्र तो आपल्या बुटांकडे बघत राही, जणू बूट कुठे पळून जातील. ती रोज कापडाचे गठ्ठे घेऊन वर जाई, आणि रोज तो बुटांकडे बघे. तिनं प्रार्थना केली. हा मुलगा बोलत नसेल तर प्रभू, तूच काहीतरी कर. प्रभूनं काही केलं नाही. मग एके सकाळी तिनं गठ्ठा एका हातातून दुसऱ्या हातात घेताघेता अंगठ्यानं लाल बटण दाबलं.

लिफ्ट थांबली. मुलानं फळी उघडली, आत डोकं घातलं, एकेक स्क्रू काढला. पुष्कळ वेळ लागला. तेवढ्यात त्यानं तिला सांगितलं की लिफ्ट वर जाते तेव्हा मागे एक वजन खाली येत असतं, आणि तिनं त्याला सांगितलं की पडद्याला खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड लागतं, नाहीतर चुण्या पडत नाहीत. एवढंच बोलणं झालं, पण ते पुरलं. नंतर तिला एकच गोष्ट वाटत राहिली, की बिचाऱ्याला तेव्हा काम फारसं येत नव्हतं. साध्या बटणासाठी केवढी खटपट. पुढे हात बसला म्हणून बरं.

हे सगळं चालून गेलं असतं. नवऱ्याची साक्ष ही नवऱ्याची होती. अडचण आली ती पाळकबाई घरी आल्या तेव्हा.

पाळकबाई म्हणजे हल्लीच्या पाळकसाहेबांच्या पत्नी. त्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या की शेजारच्या गावातल्या मिशनच्या वसतिगृहाच्या मेट्रनबाई थकल्या आहेत, नवी मेट्रन हवी आहे, आणि समितीपुढे मी तुझं नाव ठेवलंय. राहायला दोन खोल्या, आवाराला लागून. रविवारपर्यंत कळव. तू नाही म्हणालीस तर हिशेबनीसांची मेहुणी तयार आहे, आणि ती कशी आहे ते तुला ठाऊक आहे. नवऱ्यानं पाळकबाईंना चहा दिला, बिस्किटं दिली, आणि त्या गेल्यावर म्हणाला की देव काय खूण देतो ते बघू.

पडदेबाईनं मान डोलावली आणि शिलाई मशीनवर जाऊन बसली. पायाखालची पट्टी हलेना. तिला ते काम हवं होतं. साधंसुधं नाही, भुकेल्या माणसाला जेवण हवं असतं तसं हवं होतं. ती एकदा पाळकबाईंबरोबर ते वसतिगृह बघून आली होती. मुली रांगेत बसून जेवत होत्या आणि त्यातली एक वाढणाऱ्या बाईची नजर चुकवून दुसरीच्या ताटात वाटाणे सरकवत होती. खोल्यांच्या खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. घरी येताना पडदेबाईच्या डोक्यात सगळ्या खिडक्यांची मापं बसली होती, आणि ती वाटाणे न खाणारी मुलगीही.

नेमकं हे हवंसं वाटणंच तिला अवघड जात होतं. सभेत उठून ज्यांनी ज्यांनी पाचारणाची, म्हणजे देवानं कामाला बोलावल्याची, साक्ष दिली, त्यांना ते काम आधी नको होतं. कुणी पळाला होता, कुणी रडला होता, कुणी देवाला म्हणाला होता की माझ्याऐवजी दुसऱ्याला पाठव. नको असलेलं गळ्यात पडलं म्हणजे ते देवाचं, असा जणू नियमच होता. आपल्याला हवं असलेलं देवाचं असतं, अशी साक्ष तिनं कधी ऐकली नव्हती. हव्यासाला पाचारणाचा पडदा लावतेय की काय, या शंकेनं ती आठवडाभर प्रभूला विचारत राहिली आणि दोरा ओवताना सुई चुकवत राहिली.

नवरा मात्र कामाला लागला. सकाळी निघताना तो प्रार्थना करी, की प्रभू, आज दाखव. मग गावातल्या आपल्या सगळ्या इमारती फिरे, लिफ्टमध्ये चढे, वर जाई, खाली येई, आणि कान देऊन उभा राही. संध्याकाळी घरी आला की तोंड पडलेलं. एकही लिफ्ट अडत नव्हती. अडणार कशी? तारांना ग्रीस लावणारा तोच, ब्रेक तपासणारा तोच. गावातली निष्काळजी माणसं दुसऱ्या धंद्यांत होती.

शुक्रवारी लेक माहेरी आली. ती जवळच राहायची आणि आईबापांची गंमत बघायला म्हणून येऊन जायची. बापाचं म्हणणं तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पप्पा, आठवडाभर ग्रीस लावू नका. देवाला जरा वाव द्या."

"थट्टा करू नकोस," तो म्हणाला. पण विचार त्याच्या मनात येऊन गेलेला होता, हे त्याच्या लाल झालेल्या कानांच्या पाळ्यांवरून दोघींना कळलं.

लेक भांडी विसळायला आईशेजारी उभी राहिली आणि हळूच विचारलं की तुला काय वाटतं. पडदेबाई म्हणाली की तुझे पप्पा खुणेची वाट बघताहेत. लेकीनं ताट तसंच धरून ठेवलं. मी पप्पांचं विचारलं नाही, ती म्हणाली. पडदेबाईनं तिच्या हातातलं ताट घेतलं आणि ते आधीच स्वच्छ असूनही पुन्हा घासलं.

शनिवारी पडदे लावायचे होते, मोठ्या रस्त्यावरच्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर. गठ्ठे जड म्हणून नवरा बरोबर आला. त्या इमारतीची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची, आणि आत अजूनही लाल बटण. दोघं चढले. नवऱ्यानं दार ओढलं आणि दाराकडे तोंड करून उभा राहिला, कान टवकारून. त्याचे ओठ हलत होते. रविवार उद्यावर आला होता आणि तो शेवटचं विचारून घेत होता.

पडदेबाईनं त्याच्या पाठीकडे बघितलं आणि मग बटणाकडे. किती सोपं होतं. लिफ्ट थांबेल, तो डोळे मिटेल, देवाचे आभार मानेल, आणि उद्या उपासनेनंतर ती पाळकबाईंना हो म्हणेल. वसतिगृहाच्या खिडक्यांना पडदे लागतील. गुरुवारच्या साक्षीत तीनाचे चार होतील. कुणाचं काय जाणार होतं?

गठ्ठा एका हातातून दुसऱ्या हातात आला. अंगठा बटणावर टेकला आणि तिथेच राहिला. लग्नाआधीची ती पोर गाढव होती. तिनं बटण दाबताना देवाचं नाव घेतलं नव्हतं, फक्त एका मुलाशी बोलायचं होतं तिला. आज बटण दाबायचं म्हणजे देवाच्या नावानं दुसऱ्यानंच सही करण्यासारखं होतं, आणि तीही या माणसापुढे, जो ती सही खरी मानून उरलेलं आयुष्य काढेल. तिनं अंगठा मागे घेतला. म्हणजे आता खूण नाही, आणि वसतिगृहही नाही.

"का थांबलीस?" नवरा पाठमोराच म्हणाला. "दाब की."

"काय दाबू?"

"लाल बटण. मागच्या वेळी विचारलं नव्हतंस."

दाराशेजारी बटणांची पितळी पट्टी होती, त्यानंच घासून लखलखीत ठेवलेली. तिच्यात पडदेबाईला स्वतःचा चेहरा दिसला, आणि नवऱ्याचाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, मी मेकॅनिक आहे. लिफ्ट थांबली की आधी ते बटण बघतात. आत गेलेलं असलं तर ओढून बाहेर काढायचं. झालं काम."

"मग एवढा वेळ काय करत होतात?"

"स्क्रू काढत होतो," तो म्हणाला. "आणि परत लावत होतो."

लिफ्ट वरच्या मजल्यावर पोचली होती. जाळीबाहेर एक बाई भाजीची पिशवी घेऊन उभी होती, दार उघडण्याची वाट बघत. नवऱ्यानं तिला जाळीतूनच सांगितलं की बाई, जरा जिन्यानं जा, दुरुस्ती चालू आहे. ती बाई कुरकुरत गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं चालू लिफ्टला बंद म्हटलं होतं.

पडदेबाईला हसावं की चिडावं कळेना, म्हणून ती चिडली. इतकी वर्षं भर सभेत उभं राहून देवाच्या नावावर खपवलंत, ती म्हणाली. आणि मी खिडकीकडे बघत बसायचे, की बिचाऱ्याला माहीत नाही.

"खपवलं नाही," तो म्हणाला. आता तो वळला होता, आणि सवयीनं बुटांकडे बघत होता. "मी रोज त्या लिफ्टमध्ये प्रार्थना करायचो, की हिच्याशी बोलायला काहीतरी निमित्त दे. मग काय, देव स्वतः येऊन बटण दाबणार होता? त्याला तुझा अंगठा सापडला. माझ्या हिशेबात ते त्याचंच काम."

तिच्या हातातला गठ्ठा एकदम जड झाला. तिनं तो खाली ठेवला. त्याच दिवसांत तीही तेच मागत होती, आणि तिनं मागितलेलं तिच्याच अंगठ्यातून आलं होतं. अंगठा तिचा म्हणून ती इतकी वर्षं ती गोष्ट आपल्या लबाडीत मोजत आली. आठवडाभर जे हवं होतं तेही ती तसंच बाजूला काढून ठेवत होती, फक्त ते तिचं होतं म्हणून.

"मला जायचंय," ती म्हणाली.

तो वाकून बुटाची नाडी बांधू लागला.

"ऐकलंत का? मला ते काम हवंय. खूण-बिण काही नाही. मी ते वसतिगृह बघितल्यापासून मला ते हवंय. आणि पाळकबाई आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या, ती खूण नव्हती तर काय होतं? ती लिफ्टनं आली नाही म्हणून तुम्हाला दिसली नाही. तिला बिस्किटं देऊन तुम्ही दुसरी खूण शोधायला गेलात."

नवऱ्यानं खिशातून पाना काढला, बघितला, परत ठेवला. "तिथं लिफ्ट नाही," तो म्हणाला.

"कुठं?"

"वसतिगृहात. बैठी इमारत आहे. त्या गावातच नाही, मी चौकशी केली. मी तिथं काय करू? लोक विचारतील हा कोण. मेट्रनबाईंचा नवरा."

म्हणजे हे होतं. तो देवाकडे खूण मागत नव्हता, मुदत मागत होता. विमानाच्या वेळची धास्ती आताही तीच होती, फक्त या वेळी त्याला आडोसा द्यायला एकही लिफ्ट पुढे आली नव्हती. पडदेबाईला त्याची कीव आली, पण तिनं ती लगेच दाखवली नाही.

"हो," ती म्हणाली, "मेट्रनबाईंचा नवरा. मी इतकी वर्षं लिफ्टवाल्याची बायको होते. काही मेले नाही."

त्यावर तो हसला नाही. जाळीचं दार उघडून गठ्ठा उचलला आणि पुढे चालू लागला. त्या घरी त्यानं स्टूल धरलं, ती वर चढली, रिंगा दांडीत ओवल्या. मधेच खालून म्हणाला की मला भीती वाटते. ती वरूनच म्हणाली की मलाही. तेवढ्यावर दोघांनी उरलेले पडदे लावले. घरी जायच्या आधी त्यानं त्या रिकाम्या बैठकीत, घरमालकीण आत असताना, तिचा हात धरून प्रार्थना केली. प्रार्थना फार छोटी होती आणि तिच्यात 'दाखव' हा शब्द एकदाही आला नाही. आमेन झाल्यावर तो म्हणाला की जाऊ.

रविवारी उपासनेनंतर पडदेबाईनं पाळकबाईंना हो म्हटलं. पाळकबाईंनी विचारलं की लिफ्टभाऊंना खूण मिळाली का. पडदेबाई म्हणाली की त्यांना मी मिळाले. पाळकबाईंना ते नीट कळलं नाही, पण हिशेबनीसांची मेहुणी टळली म्हणून त्यांनी तिला गच्च मिठी मारली.

निघण्याआधीच्या गुरुवारी सभेत सगळ्यांच्या माना लिफ्टभाऊंकडे वळल्या. जाताजाता माणूस साक्ष देणारच. मास्तरांनी तर घसा खाकरून पहिलं वाक्य तयार ठेवलं होतं. लिफ्टभाऊ उठले आणि म्हणाले की आज मी बोलणार नाही, ही बोलेल, आणि लगेच खाली बसले.

पडदेबाई उठली. एवढी माणसं न हसता आपल्याकडे बघताना तिनं कधी पाहिली नव्हती. सवयीनं तिनं खिडकीकडे बघितलं, पण आज ती खिडकी उपयोगाची नव्हती.

"मला एक काम हवं होतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, मला हवंय म्हणजे ते देवाचं नसणार. मी प्रभूला विचारलं. तो नाही म्हणाला नाही. मग मी यांना सांगितलं. हे आधी का-कू करत होते, मग हो म्हणाले. उद्या आम्ही जातोय."

ती बसली. मंडळी वाट बघत राहिली. मागच्या बाकावरची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली की बरं, मग पुढे काय झालं? पुढे काही नव्हतं. मास्तरांनी बराच वेळ थांबून, जरा नाराजीनंच, आमेन म्हटलं आणि पेटी उघडली.

घरी जाताना नवरा पडदेबाईपेक्षा दोन पावलं मागे चालत होता. कोपऱ्यावर त्यानं तिला गाठलं.

"साक्ष खरी होती," तो म्हणाला, "पण लोकांना धरून ठेवायला मधे काहीतरी पाहिजे. काही अडकलं, काही अंधार झाला, असं."

"तुमचं भ्यालेलं तोंड सांगितलं असतं तर चाललं असतं का?"

त्यानं जरा विचार केला. "चाललं असतं," तो म्हणाला. "पुढच्या वेळी सांग. तिथल्या लोकांनी तर काहीच ऐकलेलं नाही."

घरी पोचल्यावर तो हत्यारांची पेटी उघडून बसला, आणि वसतिगृहात कुठली हत्यारं लागतील ते तिला विचारू लागला. नळाला काय लागतं, दाराच्या बिजागरीला काय लागतं, पडद्याची दांडी भिंतीत बसवायला काय लागतं. तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं तिनं सांगितलं. बाकीचं आपण तिथं गेल्यावर बघू, ती म्हणाली, आणि शिलाई मशीन बांधायला दोरी शोधू लागली.